१.८ बदलू नये

मी संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेली एक चिठ्ठी बोलतेय. माझ्यावर एवढंच वाचता येतं: '१.८ बदलू नये.' माझा खालचा भाग दुमडून चिकटपट्टीखाली गेला आहे. तिथं काय लिहिलंय, हे बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

दूरदेशी शिकून एक तरुण संशोधक इथं नोकरीला आली. तिला वाटलं होतं, तारे अभ्यासणाऱ्यांच्या खोलीत वाद पेटलेले असतील, फळ्यावर बोट ठेवायला जागा नसेल. सापडलं काय? एक लख्ख कोरा फळा, आणि मी.

हा १.८ काय, तेही सांगते. तांबड्या महाकाय ताऱ्यांच्या पोटात तापलेला वायू उकळीसारखा वर येतो. तो किती वर जाऊन आजूबाजूच्या वायूत मिसळतो, हे गणिताला या आकड्यातून सांगावं लागतं. आकडा घेतलाय सूर्यावरून. सूर्याच्या मापाचा सदरा या फुगलेल्या म्हाताऱ्यांना चढवायचा, आणि बटण लागलं नाही तर म्हाताऱ्याच्या पोटाला दोष द्यायचा, ही या खोलीची रीत.

या खोलीचे प्रमुख असलेल्या सरांनी मला लिहिलं तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि त्यांना कुणी सर म्हणत नव्हतं. पुढे पडदे बदलले, मी तीच राहिले. दर वेळी अंगावर चिकटपट्टीचा आणखी एक थर चढला. विद्यार्थी आले, माझ्याकडे बघून माना डोलावल्या, पदव्या घेऊन गेले. एकानं विचारलं होतं, "का बदलू नये?" शेजारचा म्हणाला, "लिहिलंय ना!" संशोधन संपलं.

ती मात्र ताऱ्यांचा ताल ऐकत बसायची. तारे थरथरतात, त्यांचा उजेड किंचित कमीजास्त होतो. पिंपावर थाप मारून ते किती भरलंय हे ओळखावं, तसं या थरथरीवरून ताऱ्याचं वजन आणि आकारमान कळतं. तिनं साठ तारे तपासले. त्यातल्या एकोणीस ताऱ्यांचं उजेडावरून मोजलेलं खरं तापमान आणि आमच्या गणितातलं तापमान यांत शंभर अंशांचा फरक निघाला.

"सर, एकोणीस तारे बसत नाहीत."

"मग काढ की."

"तारे?"

"आकडा बावीस वर्षं टिकलाय, बाई. तारे काय, रोज नवे सापडतात." सर चष्मा पुसत म्हणाले. "सोमवारी लेख पाठवायचाय, सही करून ठेव. तुला नोकरीत कायम करण्याचा कागदही मी त्याच दिवशी वर पाठवतोय."

तिनंही मान डोलावली. इथं येऊन मान डोलवायला ती लवकर शिकली होती. मला तिची कीव आली, थोडा रागही आला.

रविवारी दुपारी ती एकोणीस तारे वगळलेला लेख सहीसाठी समोर घेऊन बसली होती. तेवढ्यात यंत्रं सांभाळणारे काका नवा पडदा घेऊन आले.

"ताई, जरा चिठ्ठी धरा. हिला काही झालं तर सर मला सोडायचे नाहीत!"

जुनी पट्टी करकरली, सुटली, आणि माझी घडी उलगडली. सरांच्याच तरुण, घाईच्या अक्षरात खाली लिहिलं होतं: 'फक्त सोमवारपर्यंत. मग प्रत्येक ताऱ्यासाठी नीट तपासणे.'

तिनं मला दोनदा वाचलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. उलट सरांच्या बंद दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिली. काळ्या केसांचा तो माणूस तिला पहिल्यांदाच दिसत असावा.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. लेखावर सही केली नाही. एकोणीस तारे परत घेतले, आकडा मोकळा सोडला आणि गणित नव्यानं सुरू केलं. मग मला उलगडून, सपाट करून सरांच्या टेबलावर ठेवलं. खाली एकच ओळ लिहिली: 'सर, आज सोमवार आहे.'

आता मी त्यांची वाट बघत पडून आहे. वाचून झालं की मला केराच्या टोपलीत टाका, एवढंच मागणं आहे. पुन्हा कुठं चिकटवू नका.

बाहेर काकांचा आवाज येतोय. "ताई, नवा पडदा उघडाबोडका दिसतोय. एखादी चिठ्ठी लिहून देता का, लावायला?"

"नको, काका. तो तसाच राहू दे."