तिसऱ्या भागातले आजोबा

आजोबांचा खून तिसऱ्या भागात होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता, की नऊ वर्षांच्या भिंगरीने तो बघायचा की नाही.

आजोबांचं चाव्या करून द्यायचं दुकान होतं. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, इतकं लहान. गेल्या वर्षी एका गुन्हेगारी मालिकेच्या लोकांनी ते चार दिवसांसाठी मागून घेतलं. चावीवाल्याचं काम करणारा नट ऐन वेळी आजारी पडला, तेव्हा दिग्दर्शकाने आजोबांनाच विचारलं, "तुम्हीच उभे राहता का?" शाळेच्या नाटकातही कधी तोंडाला रंग न लावलेले आजोबा हो म्हणून बसले. तीन वाक्यं बोलायची होती. खुनी माणूस त्यांच्याकडून एका घराची चावी करून घेतो आणि मागे साक्षीदार नको म्हणून त्यांनाच संपवतो.

तेव्हापासून स्वारी हवेत होती. गिऱ्हाइकांना, दूधवाल्याला, अगदी दाताच्या डॉक्टरलाही तारीख सांगून झाली होती.

भिंगरीच्या आईला मात्र चैन नव्हतं. पहिले दोन भाग तिने पाहिले होते. पडद्याच्या कोपऱ्यात अठराचा आकडा होता आणि तो उगाच नव्हता.

"आपण बघू तेव्हा तिला आत बसवू," ती नवऱ्याला म्हणाली.

"आत म्हणजे कुठे? दोन खोल्यांचं घर आपलं."

"मग ताईंकडे पाठव."

"ताई स्वतःच इकडे येतेय बघायला."

आजोबा कानोसा घेत होते. "अगं, साखरेचा पाक आणि लाल रंग असतो तो. माझ्या शर्टाला मुंग्या लागल्या होत्या."

"ते तुम्हाला माहीत आहे, बाबा."

"मग तिलाही सांगून ठेवू की."

रविवारी दुपारी नणंद आली, तिनेही टोकलंच. "वहिनी, दिवसभर लोकांचं रक्त काढतेस आणि तूच घाबरतेस?"

आई एका प्रयोगशाळेत तपासणीसाठी रक्ताचे नमुने घ्यायची. सगळे हसले, तीही हसली. सुई टोचण्याआधी आपण प्रत्येकाला 'तिकडे बघा' म्हणतो, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नाही.

"सगळे बघणार, मग मीच का नाही?" भिंगरीने विचारलं. शेवटी आईच म्हणाली, "बस. पण मी सांगेन तेव्हा डोळे मिटायचे."

पडदे ओढले. आजोबा टीव्हीवर दिसले तशा टाळ्या पडल्या. "संध्याकाळी या, तयार ठेवतो," हे त्यांचं वाक्य नणंदेने दोनदा मागे नेऊन ऐकवलं. मग तो माणूस चावी न्यायला आला. आईने झटकन भिंगरीचे डोळे झाकले. कान उघडेच राहिले.

पडद्यावर आजोबांनी फळीचा आधार घेतला आणि हाक मारली, "भिंगरे!" मग आणखी एकदा, अगदी हळू.

आजोबा सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागले. "दिग्दर्शक म्हणाला, घरच्या कुणाला तरी हाक मारा. मला दुसरं नाव सुचलंच नाही. म्हटलं, पोरीला गंमत वाटेल."

भिंगरीने आईचा हात बाजूला केला. उठून ती आजोबांजवळ गेली, त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण काढून तिने गळा नीट पाहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली.

"बघ, काही झालं का?" नणंद म्हणाली.

शाळा सुटली की भिंगरी आजोबांच्या दुकानात बसायची आणि पाचला आई तिला घरी न्यायची. सोमवारी आई आली, तर ही रस्त्यापलीकडे, पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे एका पालथ्या खोक्यावर बसलेली.

"आत का नाही गेलीस?"

"इथून सगळं दिसतं. आजोबा, आणि कोण येतं ते."

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आजोबांनी हाका मारल्या, ती तिथूनच हात हलवायची. पंक्चरवाला म्हणाला, "पोरगी पहारा देतेय हो," आणि आजोबा हसले. आईला हसू आलं नाही. प्रयोगशाळेत तिच्या हातून दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होता होता राहिली.

गुरुवारी एक माणूस हेल्मेट न काढताच दुकानात शिरला आणि फळीवर वाकला. भिंगरी ओरडत रस्त्यात धावली. एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक दाबला. चाक तिच्या दप्तराला घासून थांबलं. तो माणूस न्हाणीघराची तुटलेली कडी घेऊन आला होता. आजोबांनी लगेच दुकान बंद केलं.

घरी त्यांनी तिला सगळं करून दाखवलं. सुरा रबराचा कसा होता, पाकाची पिशवी कुठे बांधली होती.

"मला माहीत आहे, खोटं आहे ते," भिंगरी म्हणाली.

"मग भीती कसली?"

"तुम्ही मला हाक मारलीत. आणि मी तिथे नव्हते."

'मी सांगत होते' हे आईच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण 'बस' म्हणणारी तीच होती.

शुक्रवारी सकाळी वेणी घालून घेताना भिंगरीने विचारलं, "तो सापडला का?"

कुणालाच माहीत नव्हतं. त्या रविवारनंतर घरात मालिका पुन्हा लागलीच नव्हती. मग जेवणाच्या सुट्टीत, नमुने घेण्याच्या खोलीचं दार लोटून, आईने उरलेले पाच भाग मोबाईलवर पाहून काढले. डबा तसाच परत यायचा. तिला दहा दिवस लागले. शेवटच्या भागात तो माणूस दाढी काढून, दुसऱ्याच नावाने बसमध्ये बसला आणि निघून गेला.

घरी येताना तिने थाप तयार केली. पोलीस, बेड्या, सगळं. भिंगरीने दारातच विचारलं आणि तिच्या तोंडून निघालं, "नाही सापडला."

"तू सगळे भाग एकटीने बघितलेस?"

"हो."

"भीती वाटली?"

"वाटली. दोनदा बंद केलं."

भिंगरी विचारात पडली. "आजोबांना सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना सांगायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती रस्ता नीट ओलांडून थेट दुकानात शिरली आणि म्हणाली, "आजोबा, तो सापडला नाही. पळून गेला."

आजोबांनी हातातली कानस खाली ठेवली. ते हसले नाहीत. "बरं. मग आपण काय करायचं?"

"तुम्ही दाराकडे पाठ करून बसता."

रविवारी बाप-लेकांनी मिळून चाव्या कापायचं यंत्र दाराकडे तोंड येईल असं फिरवलं. त्यासाठी वायर वाढवावी लागली, भिंतीला नवं भोक पाडावं लागलं. उजेड आता चुकीच्या बाजूने येतो. पहिल्या आठवड्यात दोन चाव्या वाया गेल्या. पण आजोबांनी यंत्र पुन्हा हलवलं नाही आणि भिंगरी आत बसू लागली.

आई रोज पाचला तिला न्यायला जाते. पायरीवर तिचं पाऊल वाजलं की आजोबा-नातीची जोडी एकदम मान वर करते. आधी कोण आहे ते दोघंही बघतात, हसतात नंतर. तेवढा वेळ आईला दारातच थांबावं लागतं.