फळीवरचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. वय वर्षे अठ्ठावीस. गुडघ्याला जरा खरचटलं तरी तुम्ही फुंकर घालता, मला मात्र कोणी ओळखतही नाही. पाठीचा कणा जिथे संपत येतो, तिथे एक तिकोनी हाड असतं. कमरेच्या दोन रुंद हाडांमध्ये ते पाचरीसारखं बसतं. ती हाडं जिथे एकमेकांना टेकतात, तिथे डावीकडे मी आणि उजवीकडे माझा जुळा भाऊ राहतो. आमचा आकार कानासारखा, अंग खडबडीत. मागून जाड अस्थिबंधांनी आम्हाला करकचून आवळलेलं आहे. आम्ही हलतो ते एखाद-दोन मिलिमीटर. धडाचा सगळा भार पायांकडे पोहोचवायचा, हे आमचं काम. ते आम्ही मुकाट्याने करत आलो, म्हणून आमची कोणी दखल घेतली नाही.

माझी मालकीण एका मोठ्या लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीयंत्रावर काम करते. यंत्राचं पेडल उजव्या पायाने दाबायचं आणि हाताने चादर ओढून सरळ करायची. ती बुटकी, त्यामुळे हात पुरेना. तिच्या सासूबाईंनी त्याच यंत्रावर तीस वर्षं काढली होती आणि त्याही बुटक्याच. त्यांनी आपली लाकडी फळी तिला काढून दिली.

"ही डाव्या पायाखाली घे. बघ, हात पुरतो की नाही."

हात पुरला. सासूबाईंनी ती फळी मायेनेच दिली होती, हे मी कधीही नाकारणार नाही. पण डावा पाय उंच, उजवा पेडलवर आणि भार सगळा माझ्यावर, असं रोज आठ तास चालू झालं.

मग ती गरोदर राहिली. अशा वेळी बाळाला वाट मिळावी म्हणून अस्थिबंध सैल होतात आणि पुन्हा आवळायला त्यांना काही महिने लागतात. मुलगी झाली आणि बाळंतपणानंतर तिसऱ्याच महिन्यात मालकीण पुन्हा फळीवर उभी होती. मी ताणला गेलो, सुजलो. जिना चढताना, कुशीवर वळताना मी ठणकू लागलो. कळ नितंबातून मांडीत उतरायची. सगळे म्हणाले, कंबर धरली. मलम लागायचं ते माझ्या चार बोटं वर. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढला, थोडी झीज दिसली आणि बिचाऱ्या मणक्यावर खापर फुटलं.

एका सकाळी ती पाळण्यातून मुलीला उचलायला वाकली आणि जराशी वळली. माझ्यातून अशी कळ गेली की ती बाळाला छातीशी धरून धपकन खाली बसली. बाळाला काही झालं नाही, पण तिने धसकाच घेतला. त्या दिवसापासून तिने मुलीला उचललं नाही. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे मुलगी आजीच्या कडेवर राहू लागली. दोन महिन्यांत अशी वेळ आली की आई कामावरून आली, की छकुली आजीच्या खांद्यात तोंड लपवायची. मालकीण मोरीत जाऊन रडायची. मित्रांनो, हे माझ्यामुळे झालं होतं. मला लाज वाटायची.

शेवटी ती एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेली. सोबत नातीला घेऊन सासूबाई.

"एकाच बोटाने दाखव, कुठे दुखतं?" बाईंनी विचारलं.

तिने बोट ठेवलं ते नेमकं माझ्यावर. बाईंनी तिचे पाय वाकवून, दाबून पाहिले आणि मग विचारलं, "कामावर उभी कशी राहतेस?" तिने डावा पाय तिथल्या पायरीवर ठेवून दाखवलं आणि फळीचं सांगितलं.

"ती फळी आधी काढ. दोन्ही पायांखाली सारखा पाट घे, मधून मधून बाजू बदल. पट्टा बांध, व्यायाम कर. सहा आठवडे बाळाला उचलायचं नाही."

सासूबाईंनी आपल्याही पाठीवर त्याच जागी बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मलापण इथंच दुखतं. कित्येक वर्षं झाली. मी म्हटलं, वय झालं."

बाईंनी त्यांनाही तपासलं आणि मूल कडेवर घ्यायला मनाई केली.

मित्रांनो, दुखणं अंगवळणी पाडून घेऊ नका. कुठे दुखतं आणि कसं उभं राहिल्यावर दुखतं, ते वेळेवर सांगा. आम्हा सांध्यांना बोलता येत नाही. आम्ही फक्त दुखू शकतो.

त्या संध्याकाळी दोघी जमिनीवर बसल्या. छकुलीने हात वर केले. कोणी उचललं नाही, तशी ती रडत रांगत आजीच्या मांडीवर गेली. मालकिणीने मान खाली घातली. सासूबाईंनी नातीला खाली ठेवलं, भिंतीचा आधार घेतला, दात आवळून उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. छकुली दाराशी बसून खूप रडली. मग वळली आणि आईकडे रांगत निघाली.