सायमनची माफी

“सर, ज्याले मालकानं साखळीत ठेवलं, तो मालकाच्या दुश्मनाकडून लढला तर गद्दार कसा?”

विचारलं! शेजारी बसणाऱ्या करुणानं डिवचलंच होतं, “तुह्यात दम नाई, तृप्ते.” आता अख्ख्या नववीचे डोळे माझ्यावर, आणि यादोराव सरांचा खडू फळ्यावर थांबलेला.

गॅदरिंगचं नाटक सरांनीच लिहिलेलं. अमेरिकेतले शेतकरी, लोहार, बायाबापड्या इंग्रजांविरुद्ध उठतात, अशी गोष्ट. त्यात सायमन नावाचा गुलाम. इंग्रज त्याला सांगतात, बंडखोर मालकाला सोड, आमच्याकडून लढ, मोकळा होशील. तो पळतो, लढतो, पकडला जातो. आणि शेवटी मालकाच्याच पाया पडून म्हणतो, ‘मी गद्दार आहे, माफ करा.’

“देशापेक्षा मोठं काही नसते,” सर म्हणाले.

“पण त्याले देश देल्ला कोणं, सर?”

मागून कोणीतरी बाक वाजवला. सरांचे कान लाल झाले. “लय कळवळा आहे ना? मग सायमन तूच हो. माफी तुह्याच तोंडून!”

मी तर खूश! मनात ठरवूनच टाकलं, त्या वाक्याला ताठ उभं राहायचं, गप्प.

एक गोष्ट मात्र विसरले. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात पाठांतराचा भरवसा नसतो. पडद्यामागून प्रॉम्प्टर वाक्य देतो, नट उचलतो. आणि सरांनी बोलावलेला प्रॉम्प्टर म्हणजे माझेच बाबा.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम. समोर सगळी शाळा. माझे हात दोरीनं बांधलेले, मालक झालेला चंदन छाती काढून उभा. मी ताठ. तेवढ्यात पडद्यामागून बाबांचा दबका आवाज आला, “मी गद्दार आहे...”

आणि माझं तोंड उघडलं! पहिली कविता, विहारातली वंदना, सगळं याच आवाजामागे म्हणत मोठी झाले ना मी. गुडघेसुद्धा टेकले. “माफ करा,” म्हटलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या! सर हसले. करुणा हसली नाही, ते जास्त लागलं.

रात्री घरी जेवायला बसलो.

“जेवत काहून नाईस वं?” आईनं विचारलं.

“बाबा, उद्या माफीचं वाक्य देऊ नका.”

“सरानं लिहिलं ते देणं माह्यं काम हाय. वीस वर्सात एक शब्द गाळला नाई म्या. प्रॉम्प्टरच आपल्या मनचं कराले लागला तं नाटक उरते काय?”

“अन् सायमन उरते का?”

आई हळूच म्हणाली, “दहावीलेबी हेच सर हायेत, पोरी. खुन्नस धरली तं?”

खरंच होतं ते. तरी मी ताट सरकवलं, उभी राहिले.

“बाबा, तुम्ही वाक्य द्या. एकदा नाई, तीनदा द्या. आई, सर काय करतील ते करू दे. उद्या सायमन पाया पडणार नाई, अन् माफीबी मांगणार नाई.”