शिडी धरणारा

अनुभव हाच माणसाचा खरा गुरू, आणि गुरूला डावलून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, असं प्राचार्य धीरगंभीर आवाजात म्हणाले आणि त्यांनी आकारामला डावललं.

कोल्हापुरातल्या त्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा आकाराम सहायक प्रशिक्षक होता. मुख्य प्रशिक्षक येत आणि जात. आकाराम मैदानावर पाणी मारत, पोरांना पळवत आणि संघ हरला की मुख्य प्रशिक्षकाच्या वतीनं शिव्या खात तिथंच असायचा. या वेळी जागा रिकामी झाली तेव्हा ती आपलीच, असं त्याला वाटलं. त्याला एकट्यालाच नव्हे, गोलपोस्ट सोडले तर मैदानावर सगळ्यांनाच वाटलं होतं.

"तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे," प्राचार्य म्हणाले. "पण मुख्य प्रशिक्षकपदाचा पूर्वानुभव नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी या विषयावर पाहणी केलीय. आधी मुख्य प्रशिक्षक राहिलेला माणूस कॉलेजच्या फुटबॉलमध्ये यशस्वी होतो का, यावर." त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यावर तळहात ठेवला. "ही बघा, एवढी जाड आहे."

निवड समितीतल्या, संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात चहा आला.

असा अनुभव मग कुणाला आहे, असं आकारामनं विचारलं. राजवीरला, असं उत्तर आलं. आकारामला वाटलं, हा दुसरा कुणी राजवीर असणार.

तो तोच होता. पेठेतल्या तालमीच्या संघाचा एकेकाळचा राखीव गोलकीपर. राखीवच राहिला, कारण चेंडू उजवीकडून आला की तो डावीकडं झेपावायचा आणि डावीकडून आला की विचार करायचा. तालमीचा संघही आकारामच घडवायचा. पण पेठेचा एक रिवाज होता. हंगामाआधी सगळा संघ नवा चेंडू घेऊन जोतिबाला जायचा, चेंडूला गुलाल लावायचा, आणि त्या दिवशीची गाडी नि जेवण जो करेल त्याचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर 'मुख्य प्रशिक्षक' म्हणून लागायचा. राजवीरच्या वडिलांकडं गाड्याच गाड्या. त्यामुळं काळा चष्मा लावून, हाताची घडी घालून तो वर्षानुवर्षं चौकात मुख्य प्रशिक्षक होता. पहिल्या वर्षी फ्लेक्सवाल्यानं नाव नक्की ना, म्हणून आकारामला विचारलं होतं, तर आकारामच हसून म्हणाला होता, "घाल की कुनाचं बी. चेंडूला कुठं वाचता येतंय?"

चेंडूला येत नव्हतं. निवड समितीला येत होतं.

आणि अर्जाला जोडलेल्या फोटोंसाठी ते फ्लेक्स राजवीरला दिले कुणी? गेल्या महिन्यात तो तालमीत आला, मामा मामा करत पाया पडला, जुन्या आठवणींचे फोटो काढायचेत म्हणाला. छप्पर गळतं म्हणून ते फ्लेक्स माळ्यावर अंथरले होते. आकारामनं ते स्वतः चढून काढले, ओल्या फडक्यानं पुसले. राजवीरच्या तोंडावरची कोळिष्टकं तर निघेनात म्हणून पुन्हा पुन्हा पुसली.

केबिनबाहेर राजवीर उभा होता. ट्रॅकसूट कोरा करकरीत.

"मामा, रागावू नगासा. मला वाटलं, तुमाला सहायकच बरं वाटतंय."

"कवा म्हटलंतं मी?"

"म्हटलं न्हाईसा. पन न्हाय असं बी कवा म्हटलं न्हाईसा."

"माळ्यावर चढलो तवा शिडी तूच धरलीतीस की रं."

राजवीरनं ट्रॅकसूटची चेन वर केली, खाली केली. "घट्ट धरलीती, मामा," तो म्हणाला.

पहिला सामना जयसिंगपूरच्या कॉलेजशी झाला. मध्यंतराला संघ एका गोलनं मागं होता. राजवीरनं पोरांना गोल करून उभं केलं, जिद्दीवर भाषण दिलं, जिद्द संपल्यावर तो हळूच आकारामजवळ आला आणि आता पुढं काय सांगू, म्हणून कुजबुजला.

आकारामनं याच क्षणासाठी एक वाक्य कधीपासून घोळवून ठेवलं होतं. ते त्यानं म्हटलं. "अनुभव हाय की तुला."

म्हटल्यावर वाटायला हवं होतं तेवढं काही बरं वाटलं नाही. मागं पोरं बाटल्या तोंडाला लावून त्याच्याकडंच बघत होती. तो उठला, डाव्या बाजूच्या बचावपटूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्यांचा उजवीकडचा गडी दमलाय. तू वर जा, मागं मी बघतो." मागं बघायला तो मैदानात नव्हता, पण पोरानं ऐकलं.

संघ जिंकला. गुलाल उडाला, राजवीरला फेटा बांधला, खांद्यावर घेतलं.

आकाराम नळावर जर्स्या धूत बसला. प्रियदर्शनी मॅडम तिथं आल्या. ती पाहणी आपण शेवटपर्यंत वाचली, त्यात पूर्वानुभवानं फारसा फरक पडत नाही असंच लिहिलंय, प्राचार्यांनी बहुधा वरचा प्रश्न तेवढा वाचला, असं त्यांनी खाली बघत सांगितलं.

"मग तवाच बोलायचं न्हाई का, मॅडम?"

"चहा आला," मॅडम म्हणाल्या.

आकारामनं जर्सी पिळली. गुलालाचं पाणी निघालं. त्या पाहणीतली, अमेरिकेतली पोरं डावा पाय वापरतात का, एवढं त्यानं विचारून घेतलं.

तिकडं फुटबॉल म्हणतात तो खेळ बहुतेक हातानंच खेळतात.