माग कुणी थांबवला

धाकटी बहात्तर वर्षांची झाली तरी सगळं गाव तिला धाकटीच म्हणे. कारण थोरली अजून हयात होती आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही जिने चढताना कुणाला हात धरू देत नव्हती. थोरलीचे कान मात्र पार गेले होते. ते गिरणीने घेतले होते आणि गिरणीने घेतलेलं परत मिळत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली होती. आता मालकांच्या नातवाने विणाई खात्याचं संग्रहालय केलं होतं. दोनशे मागांपैकी एकच शिल्लक होता. तो तेलपाणी करून चालू केला होता, पण चालवणार कोण? नातवाला दांडा कुठला आणि धोटा कुठला हे सांगता आलं नसतं. मग संग्रहालयाची बाई धाकटीच्या घरी तीन खेपा घालून गेली. ‘मावशी, तुम्हीच या’ म्हणाली. धाकटीने आधी आढेवेढे घेतले, पण हातांना माग आठवत होता. शेवटी ती हो म्हणाली.

उद्घाटनाच्या दिवशी दोघी बहिणी तासभर आधीच पोचल्या. थोरली समोरच्या खुर्चीत बसली. धाकटीने मागाला फडकं मारलं, धागे तपासले आणि सहज मान वर केली, तर भिंतीवर ही भली मोठी पाटी: ‘कामगारांचे श्रम पाहून मालकांचे हृदय द्रवले आणि एका विणकराकडे दोनच माग ठेवण्याचा निर्णय त्यांनी स्वेच्छेने घेतला.’

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“स्वेच्छेने?” तिने बाईला गाठलं. “अगं, सात आठवडे संप केला आम्ही! युनियनचं नाव कुठंय? माझ्या बहिणीचं नाव कुठंय?”

“मावशी, मजकूर साहेबांनी पास केलाय,” बाई अवघडून म्हणाली. “पुढे कधीतरी बदलू. आज तेवढं सांभाळून घ्या ना.”

सांभाळून घेण्यात धाकटीचा जन्म गेला होता. त्यातली एक गोष्ट तर तिने एकोणपन्नास वर्षं सांभाळली होती, आणि ती तिला रोज टोचत होती.

ती अशी. मालकांनी एका बाईकडे दोनाऐवजी चार माग दिले, तेव्हा युनियनने ठरवलं की सोमवारी नोटीस द्यायची आणि मगच संप करायचा. तोवर कुणी आगाऊपणा करायचा नाही. पण शुक्रवारी दुपारी शेजारची चष्मेवाली चार मागांमध्ये पळता पळता भोवळ येऊन पडली. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, धावत आला. बाईला उचलायला नव्हे, तिचे माग बघायला! धाकटीने ते पाहिलं आणि युनियन, नोटीस, सोमवार सगळं तिच्या डोक्यातून उडून गेलं. तिने दांडे लोटून आपले चारही माग थांबवले आणि ओठांनी म्हटलं, “बंद.”

ओठांनीच. दोनशे माग एकदम चालत तेव्हा कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून विणाईतल्या बायका आवाज न काढता, चांगले मोठे ओठ हलवून बोलत. चार रांगांपलीकडच्या मैत्रिणीला सासूची उणीदुणी सांगत, नवऱ्याचे पराक्रम सांगत. जॉबरला यातलं ओ की ठो कळत नसे. त्या बिचाऱ्याला वाटे, बायका दिवसभर काहीतरी चघळताहेत.

तो एक शब्द रांगारांगांतून गेला आणि दोनशे माग थांबले. एवढी शांतता त्या खात्यात कुणी ऐकलीच नव्हती. जॉबर गोंधळून मधोमध उभा राहिला आणि गरजला, “पहिला माग कुणी थांबवला?”

धाकटीला तेव्हा पाचवा महिना होता. तिने तोंड उघडायच्या आत तीन रांगा पलीकडे थोरलीचा हात वर गेला. “मी.”

सात आठवड्यांनी संप जिंकला. चाराचे पुन्हा दोन माग झाले, सगळ्यांना कामावर घेतलं, थोरलीला सोडून. गावातल्या एकाही गिरणीने तिला दारात उभं केलं नाही. सव्वीस वर्षं तिने इस्पितळाच्या फरश्या पुसल्या. यावर दोघी बहिणी कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. धाकटीला आधी भीती होती, मग लाज होती, आणि मग इतकी वर्षं उलटली की विषय काढायला तोंडच उरलं नाही.

पाहुणे जमले. दुसऱ्या रांगेत जुन्या विणकरणी बसल्या, मोजून बारा. नातवाने भाषण सुरू केलं. माणूस वाईट नव्हता, पण आजोबांच्या कौतुकात आकंठ बुडाला होता. “आजोबा नेहमी म्हणायचे, कामगार म्हणजे माझी लेकरं!”

त्याच्या पाठीमागे मागाशी उभ्या असलेल्या धाकटीचे ओठ जुन्या सवयीने हलले. “लेकरांच्या अंगावर चार चार माग घातलेस की रे, मेल्या.”

बाराच्या बारा जणी खो खो हसल्या. नातवाला वाटलं, आपलं वाक्य रंगलं. तो खुशीत येऊन म्हणाला, “हो हो, लेकरंच!” मग तर चष्मेवालीला ठसका लागला. थोरली तेवढी हसली नाही. ती धाकटीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

भाषण आटोपलं. बाईने खूण केली आणि धाकटीने दांडा ओढला. माग धडधडला, धोटा इकडून तिकडे धावू लागला, पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. नातू प्रमुख पाहुण्यांना घेऊन पाटीपाशी गेला आणि त्या गोंगाटात बेंबीच्या देठापासून ओरडून मजकूर वाचून दाखवू लागला.

धाकटीने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. आता पोटात कुणी नव्हतं आणि भ्यायचं कारणही उरलं नव्हतं. “मी बंद करतेय,” तिचे ओठ म्हणाले. “पाटी उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

बारा माना हलल्या. तिने दांडा लोटला.

“स्वेच्छेने!” नातवाची आरोळी एकदम शांत झालेल्या दालनात घुमली आणि तो स्वतःच दचकला. त्याने वळून पाहिलं. “हे काय? माग कुणी थांबवला?”

त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो काय बोलून गेला ते! थोरलीने त्याच्या ओठांवरचा प्रश्न वाचला. आणि तिचा हात वर गेला. सुरकुतलेला, फरश्या पुसून बोटं वाकडी झालेला हात. ती इकडेतिकडे बघतही नव्हती.

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती माग सोडून बहिणीपाशी गेली, तो हात दोन्ही हातांनी धरला आणि खाली आणला.

“नाही, ताई. मी थांबवला.” हे ती ओठांनी बोलली नाही. गिरणीतल्या बाईच्या खणखणीत आवाजात बोलली. “आज मीच, आणि त्या शुक्रवारीही मीच. हिने माझ्यासाठी हात वर केला आणि जन्मभर भोगलं. ऐकलंत ना सगळ्यांनी? आता ती पाटी उतरवा. संप लिहा, सात आठवडे लिहा, आणि हिचं नाव लिहा. तोवर हा माग हलायचा नाही.”

“आजी, अहो, पाहुणे आलेत,” नातू कळवळला. त्याने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. “तुमच्यापैकी कुणी जरा चालवता का?”

बारा जणींनी हाताची घडी घातली. चष्मेवाली म्हणाली, “मला भोवळ येते.”

थोरली अजून बहिणीच्या तोंडाकडे बघत होती. तिने शब्दन्‌शब्द वाचला होता. मग ती बोलली, बहिऱ्या माणसाच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात, की दारापाशी उभ्या असलेल्यालाही ऐकू गेलं.

“एकोणपन्नास वर्षं लागली होय गं तुला?”

आणि तिने आपली खुर्ची ओढत नेली, मागाच्या दांड्यासमोर मांडली आणि ऐसपैस बसली.