टोर्किलच्या डोक्यावर अडकलेला मी

मित्रांनो, मी अख्खं डोकं झाकणारा एक जुना पत्र्याचा मुखवटा आहे. साधासुधा नव्हे, यंत्रमानवाचा! डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरात, बिघडलेल्या वॉशिंग मशीनचा पत्रा ठोकून मला घडवलं. दूरदर्शनवरच्या 'ताऱ्यांचे खलाशी' या मालिकेत मी कॅप्टनचा नोकर होतो. कॅप्टन हुकूम सोडायचे, मी धावायचो आणि दारावर आपटायचो. सारा देश हसायचा.

मालिका संपली. कॅप्टनचं काम करणारे नटही वारले. मला चाहत्यांच्या मंडळाने सांभाळलं. शनिवारी ग्रंथालयाच्या तळघरात मंडळ जमे, आणि सगळे एकदमच बोलत. म्हणून नियम झाला, की जो मला डोक्यावर घालील त्यानेच बोलायचं. माझ्या आत किती वाद घुमले म्हणून सांगू! यंत्रमानवाला पगार द्यावा का, यावर तर सबंध हिवाळा गेला. शेवटी पगार नको, तेल द्यावं, असं ठरलं. तेही कधी आलं नाही.

मग एक बातमी आली. एक कंपनी या मालिकेवर चित्रपट काढणार होती. कॅप्टनचा चेहरा आणि आवाज संगणकाने बनवणार होती. पण मुखवटा तिला खराखुरा हवा होता, म्हणजे मीच! आनंदाने माझा खिळान्‌खिळा ढिला झाला.

मंडळात मात्र दोन तट पडले. निवृत्त बसचालक टोर्किल मला घालून म्हणाला, "देऊन टाकू. कॅप्टन परत दिसतील, आणखी काय पाहिजे?" एवढं बोलून तो मला काढायला गेला, तर मी निघेचना. त्याची मान हल्ली फारच जाड झाली होती.

"अडकलास ना? बरं झालं," दातांची डॉक्टर बिर्गिट म्हणाली. ती त्याची शाळेपासूनची मैत्रीण. "आता गप ऐक. मेल्यावरही काम करशील का, असं त्या नटाला कुणी विचारलं होतं?"

"ए, नियम मोडतेस तू! मुखवटा माझ्याकडे आहे!"

"तुझ्याकडे कसला? तूच त्याच्या तावडीत आहेस!"

सगळे खो-खो हसले. मग बिर्गिटचा आवाज उतरला. "टोर्किल, उद्या कुणी पडद्यावर तुझी एल्से आणली, आणि ती विचारायला लागली, 'जेवलास का रे?' तर?"

एल्से त्याची बायको. गेल्याच वर्षी गेलेली. मला आतून काहीतरी गरम, ओलं लागलं.

"पहिल्या दिवशी पोटभर जेवीन," टोर्किल आतूनच म्हणाला. "दुसऱ्या दिवशी टीव्ही फोडीन." मग म्हणाला, "नको द्यायला. आणि आता मला बाहेर काढा कुणीतरी!"

बिर्गिटने पावाबरोबरचं सगळं लोणी त्याच्या मानेला चोपडलं आणि मला ओढलं. मी सुटलो तो थेट कॉफीच्या किटलीवर जाऊन आदळलो. माझा एक कान तेव्हापासून चेपलेला आहे.

कंपनीने चित्रपट काढलाच. त्यात माझंही डोकं संगणकाचं आहे, आणि माझ्यापेक्षा देखणं आहे म्हणे. आठवडाभर मला वाईट वाटलं. पण आता मंडळ स्वतःच नवे प्रसंग रचून तळघरात नाटुकली करतं. बिर्गिट कॅप्टन असते, आणि तिचे हुकूम आधीच्या कॅप्टनपेक्षा कडक असतात.

मित्रांनो, गेलेल्यांची आठवण जरूर ठेवा, पण त्यांना कामाला जुंपू नका. काम आम्हा जुन्या वस्तूंना सांगा. फक्त आधी विचारा. मला हलकेच हलवून बघा. खडखड वाजलं, की समजा, हो म्हणालो.