न वाजलेला भोंगा

दुरून डोंगर साजरे म्हणतात. क्रांतीला तर ते छत्तीस हजार किलोमीटरवरून दिसायचे. पुण्यातल्या एका केंद्रात बसून ती हवामानाच्या उपग्रहांची चित्रं बघायची. ढग बघणारे वेगळे होते; हिच्या वाट्याला आग आणि धूर. जमीन कुठं नको इतकी तापली की पडद्यावर लाल ठिपका उमटायचा. तो वणवा आहे असं क्रांतीनं ठरवलं, की त्या भागातल्या वनरक्षकांच्या आणि मेंढपाळांच्या फोनवर भोंगा वाजायचा. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून भोंगा.

खरी पंचाईत उसानं केली होती. तोडणी झाली की लोक वाळका पाला, म्हणजे पाचट, रानातच पेटवतात, आणि मग सातारा-सांगलीचा सगळा पट्टा पडद्यावर गोवर उठल्यासारखा दिसतो. पहिल्या वर्षी तिनं प्रत्येक ठिपक्याला भोंगा वाजवला आणि पोटभर शिव्या खाल्ल्या. साप साप म्हणून भुई तरी किती धोपटायची? तेव्हापासून उसाच्या रानातला ठिपका ती बाजूला टाकायची. कडेगाव तालुक्यात तर तिचं गावच. कुठं ऊस, कुठं माळ, हे तिला नकाशा न बघता सांगता यायचं. ऑफिसात त्याचं कौतुक व्हायचं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं.

धनाजी मेंढका मूळचा वडूजकडचा. दरसाल ऊसतोडीच्या दिवसांत तो कळप घेऊन खाली यायचा आणि लेंडीखतासाठी क्रांतीच्या वडिलांच्या, हंबीररावांच्या, रानात मेंढरं बसवायचा. क्रांती त्याला लहानपणापासून मामा म्हणायची. त्याचा नंबर भोंग्याला तिनंच जोडून दिला होता.

“वरनं आमची मेंढरं दिसत्यात व्हय गं?” त्यानं तेव्हा विचारलं होतं.

“मेंढरं न्हाईत मामा, आग दिसती.”

“मंग माजी चूल बी दिसंल की,” त्याची बायको बयाबाई म्हणाली. “काय शिजलंय ते बी बगून सांग.”

पुढं एकदा वडूजच्या माळावर भरदुपारी धनाजीचा डोळा लागला असताना भोंगा वाजला. त्यानं कळप हलवला आणि मागं सगळं गवत जळून गेलं. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगायचा, “आमची पोरगी वर बसलीया. तिची नजर हाय.”

यंदा फेब्रुवारीत एका दुपारी ठिपका उमटला तो थेट हंबीररावांच्या रानावर. क्रांतीला हसू आलं. तिनं घरी फोन लावला.

“दादा, पाचट पेटवलं का?”

“आगं, आत्ताच काडी लावली! हितं धूर न्हाई झाला तवर तुला कळलं?”

बापलेक दोघंही हसले. गावाकडचा तो ठिपका तिला घरच्या चुलीसारखाच वाटला. मेंढरं कुठं आहेत, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

पुढच्या चित्रात ठिपका मोठा झाला होता आणि थोडा वर सरकला होता. धुराची फिकट पट्टीही दिसत होती. वरच्या अंगाला गुंडाअण्णांचा ऊस, त्याला लागून माळ. एकानं पाचट पेटवलं की शेजाऱ्याचे हात शिवशिवतात, हे तिला गावची म्हणूनच ठाऊक होतं. तिनं तोही ठिपका बाजूला टाकला आणि चहाला गेली.

संध्याकाळी दादांचा फोन आला. पाचट पेटवायचं म्हणून त्यांनीच धनाजीला चार दिवस वरच्या माळावर जायला सांगितलं होतं. वाऱ्यानं आग बांध ओलांडून माळाच्या गवताला लागली. धनाजी कळप घेऊन खालच्या रानात होता, बयाबाई त्याची भाकरी घेऊन गेली होती. वर राहिली होती कोकरं, डालग्यांखाली. कोकरू बाहेर पळू नये म्हणून वेताच्या त्या मोठ्या टोपल्यांवर दगड ठेवतात. दगड तेवढे जागेवर सापडले.

क्रांतीला सुटी मिळून गावी जाईपर्यंत माळावरची राख वाऱ्यानं उडून गेली होती. धनाजीनं दुसऱ्या कडेला मुक्काम हलवला होता. नव्या डालग्यांखाली तेव्हापासून जन्मलेली दोन-चार कोकरं ओरडत होती. तिला बघून धनाजीचा चेहरा उजळला. तिला ते सहन होईना.

“बस, पोरी. ह्ये बग.” त्यानं मुंडाशातून कोरा फोन काढला. “दोन मेंढ्या इकल्या आन् ह्यो घेतला. जुन्यानं दगा दिला. तुजा भोंगा आला आसंल, त्यो वाजलाच न्हाई. ह्येच्यात घालून दे.”

गप्प बसणं सोपं होतं. खापर फोनवर फुटलं होतं, कुणी विचारणारही नव्हतं. पण दोन मेंढ्या गेल्या होत्या, आणि हा म्हातारा पुन्हा तिच्याच भरवशावर झोपणार होता.

“मामा, फोनचा दोष न्हाई. भोंगा मी वाजवलाच न्हाई. मला आग दिसली हुती. मी म्हनलं, पाचट हाय.”

बयाबाईचा चुलीपुढचा हात थांबला.

“मला बी दिसला हुता धूर,” धनाजी म्हणाला. “वास आला, पाचटाचा न्हवं, गवताचा. कुत्री भुकाय लागली. ही म्हनली, चला, कोकरं हलवू. मीच म्हनलं, भोंगा वाजला न्हाई. पोरगी वर बसलीया, तिला दिसतंय.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर क्रांतीला बरं वाटलं असतं. तिला रडू फुटलं, आणि बयाबाईनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

“माजा नंबर काडून टाक, बाय,” धनाजी म्हणाला. “तुज्यावर राग न्हाई. पर भोंगा आसला की माजं नाक झोपतंय.”

तिनं आपल्या फोनवरून त्याचा नंबर काढला. जोडताना सगळे हसत होते.

तेवढ्यात खाली ओढ्यापलीकडं धूर निघाला. धनाजी गुडघ्यावर हात टेकून उठला, वाऱ्याकडं तोंड करून उभा राहिला आणि बयाबाईला म्हणाला, “चल, कोकरं उचल.” तिनं लगेच दगड बाजूला सारायला सुरुवात केली.

क्रांतीला ते रान ओळखीचं होतं. मधे ओढा होता, वारा पलीकडं वाहत होता, तिथली तोड झालेली तिनं येतानाच बघितली होती. पाचट आहे ते, मामा, बसा, हे शब्द तिच्या ओठांवर आले. या वेळी तिची शंभर टक्के खात्री होती.

तिनं ते गिळले, दोन कोकरं काखेत घेतली आणि त्यांच्या मागून चालू लागली.